पाठीवरची पिवळी अक्षरं

अक्का,

तेराव्याचं सगळं आवरलं, पाव्हणे आपापल्या वाटेनं गेले आणि परवा संध्याकाळी मी टीव्ही लावला. कुणी म्हणेल, हिला बरं सुचतंय. पण तुम्हीच म्हणायचात की सुतक माणसाला असतं, मालिकेला नसतं. बसले बघत. कोण कुणाची सून आणि कोण कुणावर का रुसलंय, काही ध्यानात येईना. मग जाहिरात लागली आणि माझ्या हातानं आपसूक रिमोटचं बटण दाबून आवाज बंद केला. मान वळवून तुमच्या खुर्चीकडे बघितलं. आता बोलायची पाळी तुमची होती.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. टीव्हीत एक बाई दात दाखवून हसत होती आणि तिची भांडी लखलखत होती. मी तिच्याकडे बघत बसले आणि मला रडू कोसळलं. दहाव्याला नदीवर आलं नव्हतं एवढं आलं. भांड्यांच्या साबणाच्या जाहिरातीपुढं रडणारी मी पहिलीच बाई असेन. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, रड की, पण साबण घिऊ नगंस.

तेव्हा ठरवलं की राहिलेलं बोलणं लिहून टाकावं. अंगणवाडीत इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांचं वजन-उंची लिहिली, आता थोडं आपल्या घरचं लिहिते. तुमची धाकटी जाऊ म्हणून मला तेवढा हक्क आहे. नसला तरी मी घेते.

आपल्या घरच्या वाटण्या झाल्या तेव्हा भावाभावांत झालं नाही एवढं भांडण आपल्या दोघींत झालं. शेताला मधून बांध पडला, गोठा अर्धा-अर्धा झाला, चुली दोन झाल्या. आणि आपलं बोलणं बंद झालं ते सासूबाईंच्या पाट्या-वरवंट्यावरून. दोघींकडे मिक्सर होते. तरी पाटा कुणाचा यावरून आपण तोंडं फिरवली. मधल्या खोलीत भिंत घालायचं ठरलं होतं, विटाही येऊन पडल्या होत्या. तुम्ही ओट्यावर उभ्या राहून दोघा भावांना सांगितलंत की भिंत पाहिजे तिथं घाला, टीव्हीच्या खोलीत घालायची नाही. भावजी म्हणाले, अगं दुसरा टीव्ही घेऊ. तुम्ही म्हणालात, दहा घ्या, ही खोली राहू द्या. का, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. त्या विटांचं पुढं न्हाणीघर झालं.

त्यामुळं रोज संध्याकाळी आपण एकाच खोलीत, मधे हातभर जागा सोडून, एकच मालिका बघायचो आणि एकमेकींशी चकार शब्द बोलायचो नाही. तुम्हाला जाहिराती पहिल्यापासून सोसायच्या नाहीत. उगं कानात वरडत्यात, म्हणायचात आणि आवाज बंद करायचात. अक्का, मालिका चालू असताना न बोलणं सोपं असतं. जाहिरातीत, आवाज बंद करून, दोन बायकांनी न बोलता बसणं फार अवघड. काही दिवस आपण नेटानं काढले. मग एका संध्याकाळी तुम्ही टीव्हीकडेच बघत म्हणालात की शोभे, तुझ्या मेथीला कीड लागलीया. मी म्हटलं, बघितली. तेवढंच. पुढच्या जाहिरातीत म्हणालात, राख टाक. त्याच्या पुढच्या जाहिरातीत मी विचारलं, चुलीतली का शेणीची. पाट्याचा विषय मग कुणी काढलाच नाही. तो अजून मागल्या दारी पालथा पडलाय, त्यावर कोंबडी बसते.

म्हणजे त्या हिशेबानं जाहिरातींचे आपल्यावर उपकारच. हे मी एकदा तुम्हाला बोलून दाखवलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी पुन्हा नाव काढलं नाही. आज मात्र म्हणते. ती पंधरा-वीस वर्षं आपण दोघी जे काय बोललो, लेकरांची लग्नं, माझं ऑपरेशन, भावजींचं दुखणं, ते सगळं मुक्या जाहिरातींपुढं बोललो. भावजी गेल्यावर तुम्ही पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलंत तेही रंगाच्या डब्याच्या जाहिरातीत.

पण एवढंच असतं तर तुमचं न् जाहिरातींचं कायमचं जमून गेलं असतं. त्या वाढत गेल्या. आधी जाहिरातीत भात उतरवून यायला वेळ मिळायचा. मग म्हशीची धार काढून परत आलं तरी तीच बाई केस झटकत असायची. मग पडद्याच्या खाली पट्टी सरकायला लागली. अमक्या दादांना वाढदिवसाच्या शुभेच्छा, पौडजवळ प्लॉट, लग्नाला हॉल, बोअर मारून मिळेल. मालिकेत कुणाचा जीव चाललाय आणि त्याच्या हनुवटीवरून बोअर चाललंय. पुढं तर अख्खं चित्रच आक्रसून कोपऱ्यात जायला लागलं आणि बाकीच्या पडद्यावर जाहिरात पसरायची. आवाज बंद करावा तर मालिकेचाही बंद. तुम्ही रिमोट हातात धरून तशाच बसायचात, बंद करू का नको करू. बघून मला हसू यायचं आणि तुम्हाला राग.

माझं म्हणणं वेगळं होतं आणि आहे. मी म्हणायचे, अक्का, मालिका काय फुकट होतात का. नटनट्यांना कोण देणार, दिव्यांचं कोण भरणार. जाहिरातवालेच देतात, मग ते बोलणारच. तुम्ही म्हणालात,

“आगं पावना यावा, बसावा, च्या घ्यावा, जावा. ह्यो चुलीम्होरं येऊन बसलाय. आनि आता मलाच म्हनतोय सरक.”

या वादाचा निकाल लागला नाही. मला आजही वाटतं की माझं थोडं बरोबर होतं. पण ते चहापत्तीचं झालं त्या दिवशी मी तुमच्याच बाजूची होते. मालिकेत म्हातारा सासरा गेला होता. घरात मयत, बायका कोपऱ्यात बसलेल्या, आणि मोठी सून कप घेऊन आली. म्हणाली, घ्या, या चहानं ताकद येते, आम्ही वर्षानुवर्षं हीच पत्ती वापरतो. आणि पुडा कॅमेऱ्यापुढं असा धरला की नाव नीट वाचता यावं. मालिका चालूच होती. म्हणजे आता जाहिरात लागायचीच गरज उरली नव्हती, ती माणसांच्या तोंडातच शिरली होती. तुम्ही उठलात आणि भिंतीवरचं बटण बंद केलंत. मढं दारात असताना पत्तीचं नाव सांगणारी सून तुमच्या लेखी सून नव्हती. ती मालिका तुम्ही त्या दिवशी सोडलीत ती सोडलीत. पुढं काय झालं ते मी सांगायला लागले की कानावर हात.

मग तुम्ही तुमचा कायदाच काढलात. जे न विचारता घरात शिरतं ते विकत घेऊन घरात आणायचं नाही. पौडच्या दुकानात जाऊन तुम्ही त्या भल्या माणसाला म्हणालात की टीव्हीत न येणारा साबण दे. त्यानं फळीवर बघितलं, तुमच्याकडे बघितलं, परत फळीवर बघितलं. शेवटी आपण बचत गटातल्या बायकांची सुटी पावडर आणली आणि दोन धुण्यांत माझ्या साड्यांचा रंग उतरला. मी कुरकुरले तर म्हणालात, रंग गेला तर जाऊ दे, आब गेला न्हाई.

खरं सांगू का, एक जाहिरात तुम्हाला आवडायची. बाळाच्या तेलाची. ते गुटगुटीत पोर पालथं पडून हसायचं तेव्हा टीव्हीचा आवाज बंद असायचा, पण तुमचं बोलणंही बंद व्हायचं. मी पकडलं तर म्हणालात, पोरगं ग्वाड हाय, त्याल न्हाई.

गेल्या दिवाळीनंतरची ती संध्याकाळ मात्र मला जशीच्या तशी आठवते. आपल्याकडच्या केबलच्या चॅनेलवर जुना सिनेमा लागला होता. जाहिरात आली, तुम्ही आवाज बंद केला आणि आपण आंबेमोहोराच्या मळणीचं बोलत होतो. पडद्यावर हिरवंगार दिसायला लागलं. डोंगर, धरणाचं पाणी, खाचरं, आणि खाचरात वाकून लावणी करणारी एक बाई. लाल साडी, वरून खाकी शर्ट. मी म्हटलं, अक्का, ही तुमची खाचरं हायेत. तुम्ही पुढं सरकलात. मग म्हणालात की ही तर मीच.

पाठमोऱ्या होतात. तोंड दिसत नव्हतं, पण तो शर्ट भावजींचा होता. लावणीला आपल्याकडं बायका नवऱ्याचे जुने शर्ट साडीवर घालतातच, पण भावजी गेल्यावर तुम्ही तो एकच शर्ट दर लावणीला काढायचात आणि धुऊन परत ट्रंकेत ठेवायचात. मला आठवलं, लावणीच्या दिवसांत एकदा डोक्यावर काहीतरी भुंग्यासारखं घोंगावत होतं. आपण समजलो धरणाची मोजणी असेल. पडद्यावर ती पाठ हळूहळू मोठी होत गेली आणि त्या पाठीवर पिवळी अक्षरं उमटली. निसर्गाच्या कुशीत तुमचं हक्काचं दुसरं घर. मोजकेच प्लॉट शिल्लक.

“आवाज सोड,” तुम्ही म्हणालात.

इतक्या वर्षांत जाहिरातीला आवाज सोड म्हणालात ती एकच वेळ. मी सोडला. एक माणूस मधाळ आवाजात सांगत होता की इथे काळ थांबला आहे. तुम्ही त्याला टीव्हीतच विचारलंत की काळ थांबलाय तर मी काय करतिया तितं वाकून. मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

गावाला हसायला काही लागत नाही आणि संशयाला तर त्याहून कमी लागतं. आठवडाभरात वेशीपासून गिरणीपर्यंत एकच झालं की अक्कानं जमीन दिली. टीव्हीतच आलंय म्हटल्यावर विचारायचं काय. रविवारी पुण्याच्या गाड्या बांधावर येऊन उभ्या राहायला लागल्या, पोरं उतरून तुमच्या हरभऱ्यात फोटो काढायची. तुमच्या लेकीचा सासरहून फोन आला, ती रडत होती की मला सांगितलंसुद्धा नाहीस. पण त्या सगळ्याचं तुम्हाला काही वाटलं नाही. तुम्हाला लागलं ते आपल्या ह्यांचं. वाटण्या झाल्या तेव्हा दोघा भावांनी एकमेकांना शब्द दिला होता की एकानं दुसऱ्याला न विचारता गुंठाही विकायचा नाही. भावजी गेल्यावर तो शब्द तुमच्याकडे आला. आणि हे, माझे मालक, दारात उभं राहून खाली बघत म्हणाले की वैनी, विकायची होती तर मला आधी बोलायचं होतं. तुम्ही फक्त एवढं म्हणालात की तुमी इचारायला आलात हेच लई झालं. रात्री जेवला नाहीत.

मी तेव्हा म्हटलं की जाऊ द्या, महिना-दोन महिन्यांनी लोक विसरतील. नितीन, तुमचा मुलगा, हिंजवडीहून आला आणि म्हणाला की आई, कंपनीशी मी बोलून बघतो, वापरलंय तर काहीतरी देतील. तुम्ही त्याला समोर बसवून समजावलंत. त्यांच्याकडनं काही घेतलं तर मग मी दिलं असं होईल, म्हणालात, आणि मी तर काहीच दिलेलं नाही. नितीनला ते लगेच पटलं नाही. मला पटलं. तुमच्या बाजूनं मी उभी राहिले ती तिथून.

आपण दोघी केबलवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, मावशी, मला वरनं येतं, मी फक्त सोडतो. मग त्या प्लॉटवाल्यांच्या ऑफिसात गेलो. काचेचं दार, आत गार हवा, भिंतीवर तेच चित्र, तीच पाठ. तिथला साहेब शांत होता, त्यानं आपल्याला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. म्हणाला, आजी, हे ड्रोननं आभाळातून घेतलंय, आम्ही तुमच्या शेतात पाऊलही ठेवलेलं नाही. आणि आभाळ तर सगळ्यांचं असतं.

“आभाळ सगळ्यांचं हाय,” तुम्ही म्हणालात, “पाठ माझी हाय.”

त्यानं वरच्या लोकांना कळवतो म्हणून सांगितलं. घरी येताना एस.टी.त तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात. मला वाटलं, थकल्या. पौड मागं गेल्यावर म्हणालात, शोभे, ते प्लॉटवाले रविवारी लोकांना जेवायला घालत्यात ना मांडवात, तितं जाऊ.

त्या मांडवाबद्दल मी आता कितीजणांना सांगितलं असेल, पण आपण दोघी नीट कधी बोललोच नाही. रस्त्याकडेला मोठा मांडव, पुण्याहून बसमधून आणलेली गिऱ्हाइकं, पुरी-भाजी, श्रीखंड. आत अंधार करून पांढऱ्या पडद्यावर फिल्म लावलेली. आपण मागं उभ्या राहिलो. दारातल्या पोरानं आपल्याला वाढपी समजून आत सोडलं. डोंगर झाला, पाणी झालं, खाचरं आली, तुमची पाठ आली. आणि तुम्ही चालत निघालात. खुर्च्यांच्या मधून, कुणाच्या पायाला न लागता, सरळ पडद्यापुढं जाऊन लोकांकडं तोंड करून उभ्या राहिलात. अक्का, तुम्हाला ते दिसलं नाही, मला दिसलं. तुमचं शेत तुमच्या अंगावर पडलं होतं. हिरवं सगळं साडीवर, आणि पिवळी अक्षरं कपाळावरून गळ्यापर्यंत. डोळ्यांत उजेड जात होता तरी तुम्ही डोळे मिटले नाहीत.

“ह्ये शेत माझं हाय. इकायचं न्हाई. मला न इचारता दाखवायचंबी न्हाई.”

एवढंच बोललात. आवाजही चढवला नाहीत. मग म्हणालात, आता चालू करा तुमचं, आणि तिथंच उभ्या राहिलात. साहेबलोक पुढं आले, आजी बसून बोलू म्हणाले. तुम्ही हलला नाहीत आणि फिल्म तुमच्या अंगावर चालत राहिली. एका गिऱ्हाइकानं, शहाण्यासारखा दिसत होता, विचारलं की मावशी, मग विकायचं आहे ते कुठं आहे. तुम्ही हात करून दाखवलंत की पल्याड माळावर हाय, खडक हाय, तुमी जाऊन बघा की. तो उठला. त्याच्यामागं आणखी काहीजण उठले. कुणीतरी फिल्म बंद केली. बाहेर पडताना एक बाई आपल्याला पुरी-भाजीचं ताट द्यायला आली तर तुम्ही हात जोडलेत, वर तिला म्हणालात की तुझ्यावर राग न्हाई गं.

मी आयुष्यात कुणाच्या शेजारून एवढ्या ताठ मानेनं चालले नाही. लग्नातसुद्धा नाही, तेव्हा तर मान खालीच होती. वाटेत मला मोठ्यानं सांगावंसं वाटत होतं की ही माझी जाऊ आहे. तुम्ही मात्र बांधावर येईपर्यंत हरभऱ्याचंच बोललात. संध्याकाळी हे टीव्हीच्या खोलीत आले, तुमच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले आणि सबंध सिनेमा बघितला. एरवी ते बातम्यांशिवाय काही बघत नाहीत. जाहिरातीत आवाजही त्यांनीच बंद केला.

पुढं ती जाहिरात गेली. केबलवरून गेली, मोबाईलवरून गेली, ऑफिसातल्या भिंतीवरूनही गेली म्हणे. गाव दुसऱ्या विषयाला लागलं. आणि मग नवी जाहिरात आली. आवाज तोच, काळ थांबलेलाच, अक्षरं पिवळीच. डोंगर मात्र दुसरा, मागं धबधबा, आणि वाकलेली पाठही दुसरी, चॉकलेटी साडीतली. मी म्हटलं, सुटलो बाई एकदाच्या. तुम्ही पडद्याजवळ जाऊन बघितलंत. ह्यो ताम्हिणीकडचा डोंगर, म्हणालात. हिला कुणी इचारलं का?

तिथून आपलं जे भांडण लागलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हटलं, आपलं झालं ना, आता दुसऱ्याच्या पाठीचं तुम्हाला काय पडलंय. तुम्ही म्हणालात, माझ्या पाठीवरचं काढलं ते तिच्या पाठीवर गेलं, मग मी काय केलं. मी म्हटलं, तुम्ही किती जणींसाठी पडद्यापुढं उभ्या राहणार, वय काय, दम्याची औषधं काय. तुम्ही म्हणालात, वाल निघाले की जाऊ, तू येणार का ते सांग. मी म्हटलं, नाही येणार. तुम्ही बरं म्हणालात. वाल निघायच्या आत तुम्ही दवाखान्यात होतात. तिथं खोलीत टीव्ही होता, त्यावर जाहिरात लागली की तुमची बोटं पांघरुणावर काहीतरी चाचपायची. मी उठून आवाज बंद करायचे. बोलायला तुम्हाला दम पुरत नव्हता, म्हणून मीच बोलायचे, हे ते, म्हशीचं, कोंबडीचं. ताम्हिणीला येते एवढं वाक्य तेवढं मी बोलले नाही. मला वाटलं, बऱ्या झालात की भांडून सांगेन.

तेराव्याच्या आधी नितीन मोबाईल घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, काकी, आईची ती जाहिरात कुठं मिळते का बघतोय, लावणी करतानाची. बरंच शोधलं त्यानं. कुठंच नाही. तुमचं काम एवढं चोख. तेव्हा आमच्या ध्यानात आलं की तुम्हाला चालताना, वाकताना दाखवणारं ह्या घरात काहीसुद्धा नाही. लग्नांच्या कॅसेटीत तुम्ही कायम चुलाणापाशी, कॅमेरा तिकडं गेलाच नाही. फोटो आहेत, पण फोटोत तुम्ही सगळ्यांसारख्याच दिसता. ती पाठ, तो रोप रोवायचा झटका, ते तेवढंच होतं आणि ते पिवळ्या अक्षरांच्या खाली होतं. अक्का, त्या एवढ्याशा चित्रासाठी मी आज लागतील तितक्या जाहिराती आवाजासकट बघेन. साबणाच्या, पत्तीच्या, सगळ्या. आणि तरी सांगते, काढायला लावलंत ते बरोबर केलंत. नितीनही तेच म्हणाला. म्हणाला, काकी, ती अक्षरं बघून ती पुन्हा चिडली असती. आम्ही दोघंही हसलो आणि मग त्यानं मोबाईल उलटा ठेवला.

काल मी ताम्हिणीच्या एस.टी.त बसले. ह्यांना सांगून निघाले, तर ते म्हणाले डबा घे. घाटातल्या ढाब्यावर एकाला मोबाईलमधलं चित्र दाखवलं, तो म्हणाला, ही तर वरल्या वाडीची खाचरं. चढले. एक बाई राबासाठी, रोपं टाकायची जागा भाजून घ्यायला, खाचरात पालापाचोळा पसरत होती. चॉकलेटी साडी नव्हती, पण पाठ ओळखली. तुमच्यामुळं मला आता पाठी ओळखता येतात. नाव ठकूबाई. मी कोण, कुठली, ते सांगितलं आणि म्हटलं, तुमचं शेत टीव्हीत दाखवतात, माहीत आहे का. तिच्या घरी टीव्ही नाही. तिनं कुणाकडून तरी उडत-उडत ऐकलं होतं, खरं वाटलं नव्हतं.

तिथं रेंज येईना, म्हणून आम्ही दोघी टेकाडावर गेलो. तिला तिची जाहिरात दाखवायची तर मोबाईलनं आधी दुसरीच जाहिरात लावली. तोंडाला क्रीम फासणारी एक गोरी पोरगी. ठकूबाईनं नीट बघितलं आणि म्हणाली, ही मी न्हाई. मला हसू आवरेना, तीही हसली. मग तिचं शेत आलं. मला पुन्हा लावायला सांगितलं. पाठ अशी दिसते होय, म्हणाली, आणि पदर उगीच नीट केला. वर काय लिहिलंय विचारलं. मी वाचून दाखवलं. म्हणजे हितं घरं हुणार का, म्हणाली. मी म्हटलं, इथं नाही, दुसरीकडं, तुमचं नुसतं लोकांना दाखवायला. मग मी तिला विचारलं की तुम्हाला हे चालेल का. चालत असेल तर माझं काही म्हणणं नाही, मी डबा खाऊन परत जाईन.

हातातला पाला तिनं चुरगाळून टाकला. शेवटी म्हणाली की चाललं असतं, पण इचाराया पायजे हुतं.

मग माझ्याकडं वळून म्हणाली, पौडाकडची एक बाई मांडवात शिरली न् तिनं त्यांचा पडदा टराटरा फाडला म्हनं, एस.टी.तल्या बाया सांगत हुत्या. ती तुमच्याच गावची व्हय? मी म्हटलं, आमच्याच, आणि तो मांडव अजून दर रविवारी असतो. पडदा फाडला नाही हे मी सांगितलं नाही. तुमची कीर्ती घाट चढून वर गेली होती, वाढत-वाढत, आणि ती चढवायला कुणी पट्टी सोडली नव्हती, की कुणी पैसे मोजले नव्हते.

“मंग त्यास्नीच घिऊन या की रविवारी,” ठकूबाई म्हणाली. “मी येती त्यांच्यासंगं. मला एकलीला न्हाई जमायचं.”

अक्का, तुम्ही गेल्यापासून मी ते तोंडानं एकदाही म्हटलं नव्हतं. फोन नितीननं केले, दाराशी हे बोलले, मी आत कामात राहिले. ते मी पहिल्यांदा म्हटलं तिथं, टेकाडावर, एका अनोळखी बाईपुढं. आणि तुमच्याशी भांडून बोलायचं ठेवलेलं वाक्यही त्याच दमात बाहेर पडलं.

“त्या गेल्या,” मी म्हटलं. “मी त्यांची जाऊ. मी येते.”